पाना उचलण्याआधी

गळती दिसली की हात आधी पान्याकडे जातो, डोकं मागून येतं. माशांच्या टँकच्या काचेला पाडलेल्या भोकात पाइप जोडण्यासाठी प्लास्टिकचा कनेक्टर बसवलेला असतो, त्याच्या नटाखाली एक थेंब लोंबताना दिसतो आणि काही विचार करायच्या आत आपण नट अर्धा फेरा पिळलेला असतो. बरेचदा थेंब थांबतोही. थोड्या वेळाने पुन्हा येतो, जरा टपोरा होऊन. मग आणखी पाव फेरा. पिळण्यात एक समाधान आहे, ते मी नाकारत नाही. काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण टँकच्या स्टँडमध्ये डोकं खुपसून, तोंडात टॉर्च धरून जो काही काळ घालवला आहे, त्यावरून माझं मत असं झालं आहे की नट सैल राहिल्यामुळे होणाऱ्या गळत्या थोड्या. वॉशर नीट न बसल्यामुळे होणाऱ्या त्याहून पुष्कळ, आणि त्यातल्या निम्म्या जास्त आवळल्यामुळेच बिघडलेल्या.

मुळात चांगल्या काचेला भोक पाडायचंच कशाला, हा प्रश्न घरातली माणसं प्रत्येक गळतीच्या वेळी विचारतात. उत्तर सरळ आहे. टँकखाली दुसरी टाकी ठेवायची, म्हणजे सम्प. वरचं पाणी भोकातून खाली उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. भोक न पाडता काठावरून वळवलेल्या नळीनेही पाणी खाली आणता येतं, पण त्या नळीत हवा शिरली की पाण्याची ओढ तुटते. खाली येणं थांबतं, पंप मात्र वर पाणी ढकलतच राहतो आणि ते सगळं जमिनीवर येतं. भोकातून उतरणारं पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं, त्याला ओढ टिकवावी लागत नाही. म्हणजे भोक ही सुरक्षेची सोय आहे. तिची किंमत इतकीच, की आता काचेत एक सांधा आला, आणि सांधा आला की त्याची काळजी आली.

या सांध्यावर पाण्याचा जोर किती असतो, हे एकदा कागदावर मांडून पाहावं. सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्येच दाखवून दिलं होतं की पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, पाणी किती आहे यावर नाही. ४५ सेंटीमीटर पाण्याखाली ४५ मिलिमीटर व्यासाचं भोक असेल, तर त्या भोकावर पाण्याचा एकूण रेटा साधारण ७०० ग्रॅम वजनाइतका. बस. टँक २०० लिटरचा असो की २,००० लिटरचा, पाणी तेवढंच खोल असेल तर रेटाही तेवढाच. बारा मीटर उंचीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या नळात याच्या पंचवीसपटीहून जास्त दाब असतो, आणि तोही एक साधा वॉशर अडवतो. तेव्हा आपल्या टँकचं पाणी काही धरण फोडून बाहेर पडत नाहीये. त्याला फट सापडली आहे, म्हणून ते येतंय. ताकद वाढवून फट बुजतेच असं नाही. उलट पान्याने आवळलेला नट काचेवर पाण्याच्या रेट्याच्या कितीतरी पट जोर लावतो, आणि काच वाकत नाही. ती एक तर राहते, नाही तर तडकते.

दुसरा हिशेब थेंबांचा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, सुमारे ४.३ लिटर. समुद्री टँक असेल तर लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे रोज दीडशे ग्रॅम मीठ स्टँडच्या लाकडावर. 'थोडंसंच तर ठिबकतंय' म्हणणाऱ्यांना मी हा आकडा ऐकवतो.

पण थेंब दिसतो तिथे गळत असतंच असं नाही. पाणी पाइपच्या पोटाला चिकटून सरकत जातं, कोपऱ्यापाशी किंवा व्हॉल्व्हच्या मुठीपाशी जमतं आणि तिथून पडतं. म्हणून पहिलं काम सगळं कोरडं करण्याचं. फडक्याने पुसून, मग प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळायची आणि वरून खाली पाहत यायचं. सगळ्यात आधी जी पट्टी ओली होते, तो सांधा आपला. बोटाला ओल कळते, पण ओल नवी की जुनी हे बोट सांगत नाही. कागद सांगतो. टँकचं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड ठेवलेलं असेल तर पाइपावर बाहेरून दंव धरतं, तेही गळतीसारखंच दिसतं. मात्र तेव्हा एकच पट्टी नाही, सगळ्याच पट्ट्या सारख्या दमट होतात. समुद्री टँकवाल्यांना आणखी एक साक्षीदार मिळतो. पाणी उडून जातं आणि मागे मिठाची पांढरी पिसं फुलतात. गोड्या पाण्यात तेच काम चुन्याची फिकट रेघ करते, पण ती शोधायला डोळे हवेत.

मग पंप बंद करून पाहायचा. वर जाणारी वाट आणि खाली येणारी वाट, दोन्ही थोड्या वेळात रिकाम्या होतात. तेव्हा ठिबकणं थांबलं, तर दोष त्या पाइपांत कुठेतरी आहे. पंप बंद असूनही चालूच राहिलं, तर पाण्याखाली कायम उभा असणारा सांधा, म्हणजे काचेतला कनेक्टर, हाच संशयित. या एका चाचणीने निम्मं काम वाचतं, आणि माझ्या पाहण्यात ती फार कमी लोक करतात. पाना हातात असल्यावर स्विचकडे लक्ष जात नाही.

कनेक्टरची रचना समजली की बाकीचं आपोआप कळतं. एका टोकाला रुंद कड, मध्ये आट्यांची नळी, दुसऱ्या बाजूने नट. कड आणि काच यांच्यामध्ये रबरी वॉशर. वॉशर कडेच्या बाजूला, नटाच्या बाजूला नाही, आणि कड शक्यतो टँकच्या आत. याला कारण आहे. नळीवरचे आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. नट त्यांवर कितीही घट्ट बसला तरी आट्यांच्या खाचेतून पाण्याला गोल जिन्यासारखी वाट उरतेच. वॉशर नटाखाली घातला, तर पाणी आधी भोकात शिरतं, मग त्या वाटेने फिरत फिरत बाहेर येतं. शिवाय नट फिरताना रबराला सोबत फिरवतो. रबर मुरडतं, त्याला सुरकुती पडते, आणि ती सुरकुती म्हणजेच नवी फट. कड मात्र फिरत नाही, तिच्याखाली रबर सरळ दाबलं जातं. याच कारणाने या सरळ आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात काही अर्थ नाही. इथे पाणी अडवायचं काम आट्यांचं नाहीच.

कनेक्टर खोलायचा म्हणजे पाणी भोकाच्या खाली न्यायला हवं. भोक तळाला असेल तर धडकी भरते, पण बऱ्याच टँकमध्ये भोकाभोवती आडोशाची पेटी असते, आणि तेव्हा फक्त ती पेटी रिकामी केली की भागतं, मासे आपल्या जागी राहतात. तशी पेटी नसेल तर मासे झाकणाच्या टबमध्ये, त्यांच्याच पाण्यात, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड टाकून. फिल्टरचा स्पंज विसरू नये. त्यातल्या जिवाणूंना ओल आणि प्राणवायू दोन्ही लागतात. तो कोरडा पडू दिला तर गळती थांबूनही पुढच्या आठवड्यात अमोनिया वाढतो आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

नट सोडवताना आतून कड धरून ठेवायची, नाहीतर सगळंच गोल फिरतं. मिठाने जाम झाला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं, चुन्याने जाम झाला असेल तर व्हिनेगर, आणि दोन्हींसाठी वेळ. मग काच स्वच्छ पुसून भोकाच्या कडेवरून बोट फिरवायचं, सांभाळून. हिऱ्याच्या कणांच्या कटरने भोक पाडताना कटर ज्या बाजूने बाहेर पडतो, तिथल्या काचेच्या खपल्या उडतात. लहान खपली चालते. पण ती वॉशरच्या रुंदीच्या पलीकडे गेली असेल, तर तिथे पाण्यासाठी तयार पाट आहे, आणि नट जन्मभर पिळला तरी तो बुजणार नाही. रुंद कडेचा कनेक्टर मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर खपलीत सिलिकॉन भरून, पूर्ण सुकू देऊन, मग वर वॉशर. भोकापासून निघालेली तडा मात्र वेगळी गोष्ट. ती सिलिकॉनने थांबत नाही. ती काच बदलायची.

(टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, कटर आत शिरताच ती सगळी चुरा होते. पुष्कळ टँकची तळाची काच टफन असते. एलसीडी पडद्याचा उजेड काचेतून येऊ द्यायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहायचं. टफन काचेत ताणाचे पट्टे किंवा ठिपके दिसतात. भोक पाडण्याआधी पाहायची गोष्ट आहे, पण सांगायची राहायला नको.)

जुना वॉशर हातात घेतला की तो आपली कहाणी सांगतो. एका बाजूला चेपलेला, दुसऱ्या बाजूला जाड असेल तर कनेक्टर तिरका बसला होता. कडेने बाहेर लोळ आला असेल तर आवळून आवळून दाबून काढला होता. सगळीकडे सारखाच चपटा आणि टणक असेल तर तो निव्वळ म्हातारा झाला आहे. रबर वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलं की परत फुगायचं विसरतं. असा वॉशर उलटा करून लावणारे लोक आहेत. मी नवा घालतो.

सिलिकॉनबद्दल मतं तीव्र आहेत, माझंही. वॉशरला सिलिकॉन चोपडून बसवू नये. ओलं असताना ते वंगणासारखं वागतं, नट आवळला की रबर त्यावरून घसरून बाहेर येतं. आणि एकदा सुकलं की पुढच्या वेळी वॉशर निघतो तो तुकड्यांनी. गळणाऱ्या सांध्याला बाहेरून सिलिकॉन थापणं तर गळक्या छपराला आतून रंग देण्यासारखं. पाण्याचा रेटा मागून येतो आणि थर सोलून काढतो. ओल्या काचेला ते धरत नाही, पीव्हीसीला नीट चिकटत नाही, स्वतःच्याच जुन्या सुकलेल्या थरालाही धड चिकटत नाही. जिथे खरंच लावायचं, तिथे व्हिनेगरचा वास येणारं साधं सिलिकॉन घ्यावं, बुरशीरोधक नव्हे. त्यातलं बुरशी मारणारं औषध माशांनाही सोडत नाही. आणि सुकायला पुरेसा अवधी द्यावा. ते हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत सुकत जातं, त्यामुळे वरून कोरडं लागलं म्हणून आत झालंय असं नसतं. पातळ थराला एक पूर्ण दिवस, जाड थराला कितीतरी जास्त.

नवा वॉशर, स्वच्छ काच, कोरडी कड. नट हाताने फिरेल तितका फिरवायचा, मग पाव फेरा, फार तर अर्धा. एवढंच. काचेतून तिरकं पाहिलं तर रबर जिथे काचेला चिकटलं आहे तिथे गडद दिसतं. ते वर्तुळ सगळीकडून अखंड दिसलं की थांबायचं. एका बाजूला फिकट राहिलं असेल तर आवळायचं नाही, सोडून पुन्हा बसवायचं. इथे हात शिवशिवतात हे खरं. इतकं हलकं कसं पुरेल असं वाटतं. ते ७०० ग्रॅम आठवावेत.

टेफ्लॉन टेपची जागा आहे ती कनेक्टरच्या तोंडात, जिथे निमुळते आटे एकमेकांत शिरतात. हा पदार्थ सापडला तोच अपघाताने. ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट फ्रिजसाठी नवा वायू शोधत होते. भरलेल्या सिलिंडरमधून वायू येईना, वजन मात्र तेवढंच. सिलिंडर कापला तर आत पांढरी, कशालाही न चिकटणारी पूड. तर, कशालाही न चिकटणारी ही टेप सांधा चिकटवत नाही. ती आट्यांतली उरलेली जागा भरते आणि आटे सरकते करते. धोका नेमका इथेच आहे. आटे गुळगुळीत झाले की नर भाग, म्हणजे आत शिरणारा, नको तितका आत जातो, निमुळता असल्यामुळे पाचरीसारखं काम करतो, आणि बाहेरचं प्लास्टिक उभं चिरतं. ही चीर अनेकदा लगेच दिसत नाही. काही दिवसांनी दिसते, ऐन वेळी. नर भाग धातूचा असेल तर प्लास्टिकचं काही खरं नाही. टेप गुंडाळायची ती आट्याच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही.

आणि एक फसवणूक. आटे दोन जातींचे मिळतात. ब्रिटिश जातीची मुळं जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांत आहेत, त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन जातीचा ६०. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४ च, म्हणून ते एकमेकांत छान फिरतात आणि आपण निर्धास्त होतो. पण उतार जुळत नाहीत, खाचा उरतात, आणि तिथून जे झिरपतं त्याला कितीही टेप पुरत नाही. एक इंचात ब्रिटिश ११ आणि अमेरिकन साडेअकरा, ते निदान काही फेऱ्यांत अडकतात आणि आपल्याला सावध करतात. कनेक्टर एकीकडून आणि अडॅप्टर दुसरीकडून आणला असेल, आणि सगळं नीट करूनही पाझर थांबत नसेल, तर हे पाहावं.

पीव्हीसीचा सोल्यूशनने जोडलेला सांधा गळत असेल तर वादच नाही, कापून टाकायचा. सोल्यूशन हे डिंकासारखं काम करत नाही. त्यातलं द्रावक दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं, आणि पाइप अर्धवट फिरवत आत ढकलला की ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. बाहेरून फासलं तर आतली फट आतच राहते. म्हणून पाइप टाकतानाच दोन कोपऱ्यांच्या मध्ये सरळ तुकडा ठेवावा, उद्या कापून नवा सांधा बसेल इतका, आणि कनेक्टरजवळ एक युनियन घालावी, म्हणजे हवा तेव्हा सोडता येणारा सांधा. युनियनमधली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, हाताच्या जोरावरच बसते. तिच्या खाचेत वाळूचा एक कण पुरे. तो पुसायचा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं. पेट्रोलियम जेली नको, ओ-रिंगसाठी सर्रास वापरलं जाणारं ईपीडीएम रबर तिने फुगतं.

आता ती गळती, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. वॉशर नवा, काच चांगली, आटे जुळणारे, तरी महिन्याभराने कनेक्टरच्या एकाच बाजूने पाणी. तेव्हा कनेक्टरकडे पाहणं सोडून पाइपच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावं. तिथे कुठेतरी पाइप तीन-चार मिलिमीटर आखूड कापलेला असतो आणि कोपरा ओढून बसवलेला असतो. किंवा पाण्याने भरलेला लांब पाइप, वर जड व्हॉल्व्ह, हे सगळं आधाराशिवाय कनेक्टरवर लोंबत असतं. किंवा पंपाची थरथर कडक पाइपातून थेट काचेपर्यंत पोचते. रबराला सरळ दाब सोसतो, अखंड आडवी ओढ सोसत नाही. एका बाजूने ते हळूहळू हलकं होत जातं. नट आवळला की ती बाजू काही दिवस दबते, म्हणून आपल्याला वाटतं नटच सैल झाला होता. युनियन सोडून पाहावी. सोडताच पाइप उडी मारून बाजूला सरकला, तर उत्तर मिळालं. माप घेऊन तुकडा पुन्हा कापायचा, पाइपला स्टँडवर क्लँप द्यायचा आणि पंपाजवळ वीतभर मऊ नळी घालायची.

भरताना घाई नको. भोकाच्या वर चार बोटं पाणी, मग थांबून टिश्यू पाहायचा, मग निम्मं, मग पूर्ण. रात्रभर तसंच ठेवावं. पंप शेवटी, आणि तोही बंद-चालू करून, कारण सुरू होतानाचा धक्का पाइपांना वेगळाच हलवतो.

सगळ्याच गळत्यांमागे लागावं असं मात्र मला वाटत नाही. सम्पच्या वर असलेल्या युनियनला मिठाची बारीक झालर आली, थेंब पडला तरी सम्पमध्येच, तर मी ती पुसतो आणि सोडून देतो. कित्येकदा असा पाझर क्षारांनी स्वतःच बुजतो. पण थेंबाची वाट विजेच्या बोर्डावरून किंवा स्टँडच्या लाकडावरून जात असेल तर एक दिवसही थांबू नये. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेलेली असावी आणि विजेच्या मंडळाला आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) असावा, हे गळती नसतानाही. लाकडाचं नुकसान सावकाश होतं. दाबलेल्या भुशाची फळी पाणी पिऊन फुगते, टँक एका कोपऱ्यावर उचलला जातो, आणि मग भोकातून नाही तर काचेच्या शिवणीतून प्रश्न सुरू होतो.

एका मुद्द्यावर जुन्या हौशी मंडळींशी माझा वाद आहे. ते म्हणतात, जो सांधा गळत नाही त्याला हात लावू नये. एरवी मलाही पटतं. पण टँक एकदा रिकामा केलाच आहे, आणि एक वॉशर वयाने गेला आहे, तर त्याच दिवशी बसवलेले बाकीचे वॉशरही त्याच वयाचे आहेत. ते मी सगळे एकदम बदलतो, आणि व्हॉल्व्ह दर महिन्याला एकदा पूर्ण बंद करून उघडतो, म्हणजे पुढच्या वेळी पाणी अडवायची गरज पडेल तेव्हा तो फिरेल.